किल्ली आणून देणारं कुत्रं

आज इंदुरात सरावानंतर विषय निघाला तुरुंगात कैद्यांच्या हातून तयार होणाऱ्या मदतनीस कुत्र्यांचा, म्हणजे अपंगांना पडलेली वस्तू आणून देण्यासारखी मदत करणाऱ्या कुत्र्यांचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या महिला तुरुंगात १९८१ साली हे सुरू झालं.

किल्ली आणायला शिकवायचं ते उलट्या क्रमानं: आधी तोंडात धरणं, मग हातात देणं, जमिनीवरून उचलणं शेवटी. धातू बऱ्याच कुत्र्यांना तोंडात नको असतो, म्हणून किल्लीला चामड्याची पट्टी बांधायची. एका वेळी पाचच मिनिटं. खाऊ तत्क्षणी हवा. उशीर झाला की किल्ली टाकून दिल्याचंच बक्षीस मिळतं आणि तीच खोड लागते!

कैदी दिवसभर पिल्लासोबत असतात, त्यामुळे पाया फार पक्का होतो. उणीव बाहेरच्या जगाची. रिक्षांचे हॉर्न, लहान मुलं, इथल्या सराफा बाजारातली रात्रीची गर्दी भिंतीआड कुठून मिळणार? अमेरिकेत स्वयंसेवक पिल्लांना अधूनमधून बाहेर नेतात. आपल्याकडे करायचं तर ही सोय आधी लावा.