बारा अमिनो आम्लांचं पेप्टाइड आणि कोरी राहिलेली प्लेट

सीरममधली (रक्तातल्या द्रवातली) प्रतिपिंडं रंगावरून शोधणाऱ्या एलायझा चाचणीसाठी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, प्लास्टिकच्या प्लेटला चिकटवायचं होतं. प्लेटसोबत आलेल्या कागदावर 'प्रथिन किंवा पेप्टाइड, १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर' असं एका दमात छापलं होतं. त्या 'किंवा'नेच घात केला.

पीएच ९.६ चं ५० मिलिमोलर कार्बोनेट बफर, वेलमागे (प्लेटवरच्या खळग्यामागे) १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. पॉझिटिव्ह (प्रतिपिंड असलेल्या) सीरमचा वेल आणि पेप्टाइड न घातलेला वेल, दोन्हींचा ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) ०.१ च्या आसपास. मात्रा ५० मायक्रोग्रॅमपर्यंत नेली. महागडं पेप्टाइड संपत आलं, ओडी तिथेच. मग सीरमवर संशय. तेच सीरम पूर्ण प्रथिनाचं कोटिंग केलेल्या प्लेटवर घातलं तर रंग भरभरून आला. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

पॉलिस्टायरीनला प्रथिन धरून राहतं ते मुख्यतः पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या भागांनी, एकाच वेळी अनेक ठिकाणी. १२ अमिनो आम्लांकडे तेवढ्या जागाच नसतात. बरंचसं ट्वीन या साबणासारख्या पदार्थाच्या धुण्यात वाहून जातं. जे चिकटतं ते आडवं पडतं, आणि प्रतिपिंड ज्याला ओळखतं नेमका तोच भाग प्लास्टिककडे तोंड करून बसतो. म्हणून मात्रा वाढवून उपयोग नाही.

सुटलं ते बायोटिन या जीवनसत्त्वामुळे. पेप्टाइड नव्याने मागवलं: एका टोकाला बायोटिन, मध्ये एसजीएसजी हा चार अमिनो आम्लांचा दुवा. बायोटिन कुठल्या टोकाला, हे ऑर्डर देण्याआधीच ठरवा. प्रतिपिंड ओळखतं त्या भागापासून लांबच्या टोकाला. स्ट्रेप्टाव्हिडिन हे बायोटिनला घट्ट पकडणारं मोठं प्रथिन, ते प्लास्टिकला आपणहून धरतं: पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर. मग १ टक्का बीएसए या प्रथिनाने ब्लॉकिंग, म्हणजे प्लास्टिकच्या मोकळ्या जागा झाकणं, त्यानंतर १ मायक्रोग्रॅमचं पेप्टाइड, तासभर. पन्नासला न आलेला रंग एका मायक्रोग्रॅमला आला!

ब्लॉकिंगला दूध पावडर नको. दुधातलं बायोटिन पेप्टाइडच्या जागा अडवतं.

प्रत्येक सीरमसाठी पेप्टाइडविना, नुसत्या स्ट्रेप्टाव्हिडिनचा एक वेल ठेवा. काही सीरम त्यालाच धरतात.

वजनाचं राहिलंच. कुपीतल्या पांढऱ्या पावडरीत ट्रायफ्लुरोअॅसिटेट आणि पाणीही असतं, निव्वळ पेप्टाइड बरंच कमी. विरघळत नसेल तर आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात, मग बफर. छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

बायोटिन नको असेल तर टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल जोडून, त्याला पक्कं बांधून घेणारी मॅलेइमाइड प्लेट वापरता येते. फक्त डीटीटी या रसायनाचा अंश राहता कामा नये, नाहीतर प्लेटवरचं मॅलेइमाइड तेच खाऊन टाकतं.