वॉशिंग्टन ते केंट: व्हिएतनाम युद्धाच्या घरच्या खुणा

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेली आपली मंडळी वॉशिंग्टनला आवर्जून जातात, लिंकनच्या पुतळ्यापाशी छायाचित्रे काढतात आणि तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या, व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या स्मारकाच्या काळ्या भिंतीवर जाता जाता नजर टाकून पुढच्या संग्रहालयाकडे वळतात. त्या भिंतीला निवांत दोन तास द्यावेत आणि जमल्यास तेथूनच ओहायो राज्यातील केंट या, १९७० मध्ये युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी विद्यार्थ्यांवर गोळीबार झालेल्या लहानशा गावी जावे, असे मी सुचवीन. हजारो मैल दूर, गनिमी काव्याने लढणाऱ्या शत्रूशी चाललेल्या युद्धाने खुद्द अमेरिकेचे काय केले, हे या दोन जागा एकापाठोपाठ पाहिल्या म्हणजे नीट कळते.

भिंत पाहायला गाडी घेऊन जाऊ नये. कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर गाडी लावायला जागा मिळणे दैवाधीन असते. त्यापेक्षा मेट्रोने फॉगी बॉटम स्थानकावर उतरून तेविसाव्या रस्त्याने दक्षिणेकडे वीसेक मिनिटे चालावे. प्रवेशशुल्क नाही आणि स्मारक चोवीस तास खुले असते. तरीही माहिती देणारे रेंजर आणि स्वयंसेवक भेटावेत, पण शाळांच्या सहलींची गर्दी नसावी, यासाठी सकाळची वेळ उत्तम. वाट फरसबंद असल्याने व्हीलचेअर सहज जाते.

काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, प्रत्येकी सुमारे ७५ मीटर लांब, मध्यभागी दहा फुटांच्या उंचीवर कोनात मिळतात आणि टोकांकडे उतरत उतरत जमिनीला टेकतात. त्यांवर ५८,००० हून अधिक मृत आणि बेपत्ता अमेरिकनांची नावे कोरलेली आहेत. ती वर्णानुक्रमाने नाहीत किंवा हुद्द्यानुसारही नाहीत, तर मृत्यूच्या तारखेनुसार आहेत. बहुतेक पर्यटक एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, त्यामुळे हा क्रम त्यांच्या लक्षातच येत नाही. मध्यभागी उजव्या भिंतीवर १९५९ हे साल कोरले आहे, तेथून सुरुवात करून उजव्या टोकापर्यंत जावे, मग थेट डाव्या टोकाला येऊन पुन्हा मध्याकडे, १९७५ पर्यंत यावे. पहिल्याच फलकावर १९६५ पर्यंतची वर्षे मावून जातात, आणि एकटे १९६८ साल मात्र उजव्या भिंतीचा निम्मा भाग व्यापून डाव्या भिंतीवरही दूरवर पसरते. त्या एका वर्षात साडेसोळा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले. विजय जवळ आल्याचे सरकार सांगत असतानाच जानेवारीच्या अखेरीस टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात व्हिएतकाँग म्हणजे दक्षिणेतील कम्युनिस्ट गनीम आणि उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने दक्षिणेतील शहराशहरांवर हल्ले चढवले. ते परतवले गेले, परंतु सरकारच्या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि ३१ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. या फलकांपुढून चालताना तारखांची ही उजळणी मनात असावी.

नावाशेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर मृत्यू निश्चित झालेला असतो, अधिकचे चिन्ह असेल तर माणूस बेपत्ता. ओळखीचे नाव हवे असल्यास प्रवेशापाशी ठेवलेल्या सूचीत फलक आणि ओळीचा क्रमांक मिळतो. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ वरच्या ओळीतील नावापर्यंत हात पोहोचेना म्हणून थांबले होते. स्वयंसेविकेने शिडी आणून कागदावर पेन्सिल घासत नावाचा ठसा घेतला आणि त्यांच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी त्याच नावाचा आणखी एक ठसा मागितला.

दगडाची हकीकत भारतीयांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे, कारण तो आपल्या बंगळूरकडचा आहे. असा दगड स्वीडन आणि कॅनडातही मिळण्याजोगा होता, पण सक्तीची लष्करभरती चुकवणाऱ्या तरुणांना त्या देशांनी थारा दिला म्हणून तिकडचा दगड नको, असे ठरल्याचे सांगतात. आराखड्यावरूनही भांडण पेटले होते. १,४२१ प्रवेशिकांमधून येल विद्यापीठातील माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला, तेव्हा काही माजी सैनिकांना तो पराभवाची कबुली वाटला. म्हणून १९८२ मध्ये भिंतीचे लोकार्पण झाल्यावर दोन वर्षांनी तीन सैनिकांचा पुतळा जवळच उभारून तडजोड करण्यात आली. मला तो पुतळा अनावश्यक वाटतो. व्हिएतनामी मृतांचा मात्र येथे कोठेही उल्लेख नाही. त्या देशाच्या सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मारले गेले, हे वाचकाने स्वतःच लक्षात ठेवायचे.

केंटला जाण्यासाठी गाडी भाड्याने घेणेच सोयीचे. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकने पाच ते सहा तास लागतात. या रस्त्यावर रोख टोल घेत नाहीत, तेव्हा भाड्याच्या गाडीवर टोलचे पैसे कसे आकारले जातात हे आधीच विचारून घ्यावे. रेल्वेचा विचार सोडावा, कारण वॉशिंग्टनहून निघणारी गाडी क्लीव्हलँडला भलत्या वेळी, मध्यरात्रीनंतर पोहोचते.

केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी जे घडले त्याची पार्श्वभूमी थोडी समजून घ्यावी. आदल्या डिसेंबरात जन्मतारखा लिहिलेल्या ३६६ निळ्या कुप्यांतून सोडत काढून कोणाला आधी लष्करात बोलवायचे ते ठरले होते, त्यामुळे वसतिगृहातील प्रत्येक मुलाला आपला क्रमांक पाठ होता. ३० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सैन्य कंबोडियात घुसवल्याचे जाहीर केले, निदर्शने भडकली, विद्यापीठातील लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली आणि राज्यपालांच्या आदेशावरून गावात नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाचे जवान उभे राहिले. सोमवारी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी त्यांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. ॲलिसन क्राऊझ, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर आणि विल्यम श्रोडर हे चार विद्यार्थी मारले गेले, नऊ जखमी झाले. शॉयर आणि श्रोडर निदर्शनांत नव्हतेच, आणि श्रोडर तर लष्करी प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी होता.

टेलर हॉलमधील माहिती केंद्रापासून सुरुवात करावी. प्रवेश विनामूल्य आहे, पण विद्यापीठाच्या सुट्ट्यांत केंद्र बंद असते, म्हणून वेळ आधी पाहून घ्यावी. बाहेर ठिकठिकाणी फलक लावलेले आहेत. टेकडीच्या माथ्यावर, जवानांनी मागे वळून गोळ्या झाडल्या तेथे उभे राहून खाली वाहनतळाकडे पाहावे. मृतांपैकी सर्वांत जवळचा मिलर तेथून सुमारे २६५ फुटांवर होता. एवढ्या अंतरावरून जवानांच्या जिवाला काय धोका होता, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर अटळपणे पडतो. इमारतीसमोरच्या लोखंडी शिल्पाला गोळीने पडलेले भोक आहे आणि त्याच्या कडा आजही बोटाला लागतात. आठ जवानांवरील फौजदारी खटला १९७४ मध्ये निकालात निघून ते सुटले. १९७९ मध्ये दिवाणी दाव्यात ६,७५,००० डॉलरची तडजोड झाली आणि जवानांच्या वतीने खेदाचे निवेदन देण्यात आले. घटनेनंतर गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला होता.

एप्रिलमध्ये गेल्यास उतारावर डॅफोडिल फुललेली दिसतात. युद्धात मेलेल्या अमेरिकनांच्या संख्येइतके, म्हणजे ५८,१७५ कंद येथे लावले होते. स्मरणदिनाचा कार्यक्रम पाहायचा असल्यास ३ मे च्या रात्रीच पोहोचावे, कारण मेणबत्त्यांची फेरी मध्यरात्रीपूर्वी निघते. मुक्कामाची सोय मात्र बरीच आधी करावी. चौघे पडले त्या जागा खांब उभारून राखून ठेवल्या आहेत, बाकीचा वाहनतळ विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरात आहे. तेव्हा पाहुण्यांनी गाडी तेथे न लावता विद्यापीठाच्या सशुल्क पार्किंगमध्ये लावून चालत यावे.