सकाळी न उघडणारी बोटे

आमवात झालेल्या माणसाचे डोळे पहाटेच उघडतात. बोटे मात्र तास-दीड तास उघडत नाहीत. आमच्या मावशी सकाळी चहाच्या डब्याचे झाकण दुसऱ्या कोणाकडून काढून घेतात आणि दुपारी त्याच हातांनी कणीक मळतात. ते मळणारे हात पाहून सकाळच्या तक्रारीवर शंका घेणारे नातेवाईक बहुधा प्रत्येक घरात असतात.

मावशींच्या बाजूने साक्ष द्यायला रक्तातले एक प्रथिन पुरेसे आहे. प्रतिकारपेशी परस्परांना निरोप देण्यासाठी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ आमवातात रात्रभर वाढत जाते आणि पहाटेच्या सुमारास सर्वाधिक होते, तर दाह आवरणारे शरीराचे स्वतःचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, त्याला पुरे पडत नाही; म्हणून सांधे सकाळी आखडतात. तापात अंग मोडून येते, त्यातही याच प्रथिनांचा हात असतो. फरक इतकाच की ताप उतरतो, आमवात मुक्काम करतो.

सायटोकाइन थेट वेदनावाहक चेतातंतूंवरही काम करतात, त्यांना अधिक संवेदनशील बनवतात, आणि मग मूठ मिटण्यासारखी साधी हालचालही दुखते. दुखणे लांबले की मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशीही तीच प्रथिने स्रवू लागतात, त्यामुळे सूज उतरल्यावरही वेदना मागे राहू शकते.

या सायटोकाइनांपैकी टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली, आणि उपचारांची दिशाच बदलली. पुढे २०११ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनच्या संशोधकांनी दाखवले की टीएनएफ अडवल्यावर मेंदूतील वेदनेची हालचाल चोवीस तासांत मंदावते, सांध्यांची सूज ओसरायच्या आधीच. सुजेवरून दुखण्याचे मोजमाप करणाऱ्या आपल्या नजरेला, माझ्या मते, याहून चांगले उत्तर नाही.

तरीही टीएनएफला निव्वळ खलनायक ठरवता येत नाही, कारण क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवण्याचे कामही तेच करते. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात, आणि क्षय इतका पसरलेल्या आपल्या देशात ती तपासणी केवळ कागदोपत्री सोपस्कार म्हणून उरकून चालत नाही.