दवाचा हिशेब

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर घरातलं, उजव्या पानावर बाहेरचं. तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, आणि शेवटच्या रकान्यात हीट पंप, म्हणजे आमचं घर गरम-गार करणारं यंत्र, त्या वेळी काय करत होता ते. तीन हिवाळे आणि दोन उन्हाळे तिच्यात भरलेत.

वही सुरू झाली आईमुळे. आईला दमा. हवा दमट झाली की तिची छाती भरते आणि फार कोरडी झाली की रात्रभर खोकल्याची उबळ. हीट पंप बसवताना मला तापमानापेक्षा आर्द्रतेची काळजी जास्त होती, पण बसवायला आलेली मंडळी फक्त अंशांबद्दल बोलली. पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे आईने हाक मारली, "अगं, उठ! बाहेरच्या मशीनमधून धूर निघतोय."

मी तशीच धावले. युनिटचा पंखा बंद होता, कॉम्प्रेसर मात्र नेहमीपेक्षा जोरात घुमत होता आणि जाळीतून पांढरे लोट वर चालले होते. जळका वास कुठेच नव्हता. हात पुढे धरला तर तळवा ओला झाला. वाफ होती ती. खाली पाण्याची धार लागली होती. चारेक मिनिटांनी आत मोठ्याने 'फुस्स' झालं, क्षणभर सगळं गप्प, आणि मग पंखा पुन्हा फिरायला लागला. घरात येऊन मी पहिली नोंद केली: पहाट ५.१०, बाहेर २ अंश, आर्द्रता ९० टक्के, वाफ.

ही वाफ म्हणजे डिफ्रॉस्ट, यंत्राने स्वतःवरचा बर्फ वितळवणं. हीट पंप उष्णता बाहेरच्या हवेतून उपसतो आणि घरात आणून सोडतो. बाहेर २ अंश असताना त्या हवेतून उष्णता ओढायची तर बाहेरची कॉइल, म्हणजे पातळ पत्र्यांतून फिरवलेली गॅसची नळी, तिच्याहून गार हवी, म्हणजे उणे ५ किंवा उणे ६ अंशांवर. आता २ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ दव होऊ लागते तो अंश, जेमतेम शून्याच्या वर असतो. अशी हवा उणे ५ च्या पत्र्यांवरून गेली की तिच्यातली वाफ त्यांच्यावर बर्फ होऊन बसते. जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये जमायचा ना, तसाच पांढरा, भुसभुशीत बर्फ.

मला वाटायचं, जितकी थंडी जास्त तितका बर्फ जास्त. वही उलटं सांगत होती. उणे ११ अंशांच्या एका कोरड्या रात्री युनिट फक्त दोनदा वितळलं, आणि १-२ अंशांच्या धुक्याच्या रात्री दर ५० मिनिटांनी. कारण हवेत पाणी किती मावतं त्यात आहे. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पावणेपाच ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, उणे ११ ला सुमारे दोन ग्रॅम. कडाक्याच्या थंडीत हवेजवळ द्यायला पाणीच नसतं. हीट पंपाची खरी परीक्षा बघायची असेल तर शून्याच्या आसपासच्या ओलसर, मळभ आलेल्या दिवशी बघावी. थर्मामीटरला तो दिवस सौम्य वाटतो, कॉइलला नाही.

मग एका रात्री मी युनिटखाली पसरट घमेलं ठेवलं. एका डिफ्रॉस्टमध्ये १.४ लिटर पाणी जमलं. पत्र्यांमधल्या त्या एवढ्याशा फटींत एवढं पाणी बसलं होतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसला नसता. त्याच घमेल्यामुळे मला या चक्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट कळली. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. पण तोच एक किलो बर्फ वाफेपासून कॉइलवर जमताना सुमारे २,८३० किलोज्यूल उष्णता सोडतो, आणि ती हीट पंपाने आधीच उचलून घरात आणलेली असते. साडेआठपट! त्यामुळे "डिफ्रॉस्टमध्ये सगळी वीज फुकट जाते" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. बर्फ हे कर्ज नाही, हवेतल्या पाण्याने आधीच दिलेल्या उष्णतेवरची छोटी वजावट आहे.

नुकसान होतं ते दुसरीकडे. बर्फाच्या थराने पत्र्यांमधल्या वाटा बुजतात, पंख्याला हवा ओढता येत नाही, कॉइल आणखी गार होते आणि त्यामुळे बर्फ आणखी भराभर चढतो. म्हणून वितळवायची वेळ नेमकी साधावी लागते. फार लवकर वितळवलं तर घराची ऊब उगाच खर्ची पडते आणि उशीर झाला तर पुढचा अर्धा तास मशीन धापा टाकतं. साध्या यंत्रांत हे घड्याळावर चालतं: ३०, ६० किंवा ९० मिनिटं चाललं की वितळव, बर्फ असो वा नसो. माझ्याकडचं यंत्र कॉइलचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान ताडून बघतं. दोन्हींतलं अंतर वाढत गेलं की ते समजतं, बर्फ चढलाय.

मग फोर-वे व्हॉल्व्ह सरकतो आणि गॅसची वाट उलटी होते. तोच तो 'फुस्स'. कॉम्प्रेसरमधून निघणारा गरम गॅस घराऐवजी बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, म्हणजे हिवाळ्यात काही मिनिटं यंत्र उन्हाळ्यातला एसी होतं. बाहेरचा पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, नाहीतर ती ऊब वाऱ्यावर जाईल. आतलाही पंखा थांबतो, कारण त्या वेळी आतली कॉइल गार असते आणि आईच्या अंगावर थंड झोत यायला नको. कॉइल १०-१५ अंशांपर्यंत तापली की काम झालं असं समजून चक्र संपतं, आणि तेवढी तापली नाही तर साधारण दहा मिनिटांनी वेळेवर संपवलं जातं. माझ्या नोंदींत या काळात खोलीचं तापमान अर्धा अंश उतरतं, जास्त नाही.

यातला दहा मिनिटांचा आकडा पुढे फार उपयोगी पडला. दुसऱ्या हिवाळ्यात वहीत विचित्र नोंदी यायला लागल्या. डिफ्रॉस्ट तास-तास होत नव्हता, आणि झाला की बरोबर दहा मिनिटं चालायचा. मध्ये कधी पाच नाही, सात नाही. चौथ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर युनिटची मागची बाजू बर्फाचा एक सलग पांढरा ठोकळा झाली होती. पंखा फिरताना टक् टक् आवाज करत होता, पात्यांची टोकं तळाशी साचलेल्या बर्फाला लागत होती. घरात १७ अंश. आई दोन शाली घेऊन बसलेली.

पहिला मेकॅनिक आला आणि टूलबॉक्स उघडायच्या आत म्हणाला, "गॅस कमी झालाय." मग स्क्रू ड्रायव्हरने बर्फ टोकरायला लागला. मी त्याचा हात धरला. त्या पत्र्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्यामागे गॅसची नळी असते, एक टोक चुकलं की खरोखरच गॅस जाणार. त्याने वजन न करता गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. याचा मला आजही राग आहे. गॅस कमी असेल तर बर्फ असा सगळीकडे सारखा चढत नाही, गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो त्या भागात गच्च आणि बाकी कॉइल जवळजवळ उघडी, असं दिसतं. आमच्याकडे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा थर होता. एवढं बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

दुसरे आले ते वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला, मग कोमट पाण्याने सावकाश सगळा बर्फ उतरवला. उकळतं पाणी नको म्हणाले. नंतर माझी वही मागून घेतली आणि नोंदींवरून बोट फिरवत विचारलं, "दर वेळी दहाच मिनिटं?" मी म्हटलं, हो. त्यांनी झाकण काढलं, कॉइलच्या नळीवरचा सेन्सर शोधला, तो एका ग्लासात बर्फ-पाण्यात बुडवला आणि मीटर लावला. रोध ३० किलोओहमच्या जवळपास, शून्य अंशाला असायला हवा तेवढाच. "सेन्सर चांगलाय. शून्याला शून्यच सांगतोय." मग त्यांनी मला वाकून बघायला लावलं. ज्या क्लिपने तो नळीला घट्ट चिकटून राहायचा ती पितळी क्लिप निसटून बाजूला लोंबत होती. सेन्सर नळीपासून बोटभर दूर, हवेत.

म्हणजे बिचारा खरंच बोलत होता, पण भलत्याच गोष्टीबद्दल. कॉइल उणे १० ला गेली तरी तो हवेचे १-२ अंश सांगायचा, म्हणून यंत्राला बर्फाचा पत्ता नसायचा. आणि वितळवणं सुरू झाल्यावर कॉइल तापली तरी त्याच्यापर्यंत ऊब पोचायची नाही, म्हणून थांबायचंही कळायचं नाही. दहा मिनिटांचा आकडा तिथून आला होता. क्लिप बसवली, वर इन्सुलेशनची पट्टी गुंडाळली, आधी भरलेला जादा गॅस काढून वजनाने बरोबर भरला. जाताना त्यांनी तळाच्या ट्रेची भोकं तारेने मोकळी केली आणि युनिट वीतभर उंच स्टँडवर घ्यायला सांगितलं. वितळलेलं पाणी निघून गेलं नाही तर तळाशी पुन्हा गोठतं आणि बर्फ खालून वर चढत जातो. मी त्याच आठवड्यात स्टँड करून घेतला.

आता डाव्या पानाकडे. हिवाळ्यात हीट पंप हवा कोरडी करतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तो करत नाही. गरम करताना आतली कॉइल गरम असते, गरम पत्र्यावर दव कसं पडेल? कोरडेपणा येतो फटींतून शिरणाऱ्या बाहेरच्या हवेमुळे. तीच २ अंशांची, ९० टक्क्यांची हवा घरात येऊन २१ अंशांवर तापली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उरते. एक थेंबही कुणी काढलेला नसतो, हवेची पाणी धरायची ताकद मात्र सुमारे साडेतीनपट झालेली असते. हे कळल्यावर मी घरातलं पाणी मोजायला लागले. आमच्याकडे उलटीच अडचण होती. घरात कपडे वाळत घातले की २१ अंशांवर आर्द्रता ६४ टक्के, दवबिंदू १४ अंश, आणि सकाळी खिडकीच्या काचा घामाघूम. आता कपडे वाळतात त्या खोलीचं दार बंद आणि खिडकी थोडा वेळ सताड उघडी. बाहेर धुकं असलं तरी त्या हवेत पाणी कमीच असतं. आकडा ४५ वर येतो, आईची छाती मोकळी राहते.

उन्हाळ्यात चित्र पालटतं: दव आत पडतं आणि तेच आपल्याला हवं असतं. पण तेही लगेच पडत नाही. मी घड्याळ लावून ड्रेन पाइपपाशी उभी राहिले. यंत्र सुरू झाल्यावर पहिला थेंब १४ व्या मिनिटाला पडला. तोवर कॉइल नुसती ओली होत असते. खोलीच्या मानाने यंत्र मोठं असेल तर ते आठ-दहा मिनिटांत खोली गार करून थांबतं, आणि तेवढ्यात पाणी बाहेर पडतच नाही. त्यात पंखा सतत चालू ठेवला असेल तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं सगळं पाणी वाफ होऊन परत खोलीत येतं. माझ्या वहीत त्याची नोंद आहे: दहा मिनिटांत ५८ वरून ६४ टक्के. पंखा 'ऑटो'वर टाकला त्या रात्रीपासून हा खेळ थांबला. पावसाळी, उकाडा नसलेल्या दिवशी मी पंखा सगळ्यात हळू करते किंवा ड्राय मोड लावते. हवा सावकाश गेली की कॉइल जास्त गार राहते आणि अंश फारसे न उतरवता पाणी काढते.

काल रात्री बाहेर १ अंश होता, धुकं दाट. मी चारच्या सुमाराला नोंद करायला उठणार होते, पण डोळा लागला. सकाळी वही उघडून रिकाम्या रकान्याकडे बघत बसले होते तर आई पलंगावरून म्हणाली, "चार वाजून वीस मिनिटांनी वितळलं. पाच मिनिटं लागली. लिही."