तेलाचं बोट

गणपती पोचवून आज चौथा दिवस. गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी उतरवली, माणसं आपापल्या घरी गेली, तरी माझं मन तिथेच अडकलंय. मी दादाच्या पोरीच्या हातातून पोथीचं पान ओढून घेतलं.

वहिनीला म्हटलं, त्या पिवळ्या डागांत हरताळ असतो, सोमल असतो त्यात, पोरीचा हात तोंडात गेला असता म्हणून ओरडले. हरताळ विषारी असतो, ते खरं. मी त्यासाठी ओरडले नव्हते. मला तिच्या दुसऱ्या हातातली तळलेली नेवरी दिसली, आणि पानाच्या कडेला उमटलेलं तेलाचं बोट.

पंचतंत्राची ही पोथी मिळवायला मी काय काय केलं, ते इथे कोणाला ठाऊक आहे? गोव्यात छापखाना 1556 सालीच आला, पण ही बोरूनेच लिहिलेली आहे, हातकागदावर. लिहिणाऱ्याने बोरू शाईत बुडवला की पुढची दोन अक्षरं दाट काळी, मग फिकट होत जातात. चुकलं तिथे हरताळ फासून वर नवं अक्षर. दर पावसात वेखंडाच्या पुरचुंड्या मी बदलते, कसर मी झटकते, आणि दादा म्हणतो, जुनी रद्दी. माझ्यामागे हे सगळं बंबात जाणार. शेवटच्या पानावर तो नेहमीचा श्लोक आहेच: तैलाद्रक्षेत्, जलाद्रक्षेत्. तेलापासून जप, पाण्यापासून जप. मूर्खाच्या हाती देऊ नका, असंही पोथी म्हणते.

मूर्ख? नऊ वर्षांची पोर ती. ओळीत शब्द तोडलेले नाहीत, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून. मला ते वाचायला दोन वर्षं लागली. ती बोट ठेवून अडखळत एकेक शब्द सोडवत होती. दोन हंस, मधे काठी, काठीला तोंडाने धरलेलं कासव. “आत्ये, बोललं काय गं ते?” असं तिने विचारलं, आणि मी पान ओढलं.

विष्णुशर्म्याने या गोष्टी सांगितल्या त्या राजाच्या तीन मुलांना, ज्यांना कशातच गोडी नव्हती. इथे गोडी असलेली एक समोर बसली होती.

रात्री डागावर खडूची पूड टाकून ठेवली. थोडा उतरला, गेला नाही. सकाळी पान खिडकीशी धरलं, तर तेवढ्या जागेतून उजेड येत होता, बोटाएवढा. खालचा उजवा कोपरा मात्र आधीपासूनच तपकिरी आहे, पान उलटणाऱ्या कितीतरी अंगठ्यांनी. तो मी रोज बघते. तो मला कधी डाग वाटला नाही.

दुपारी दादाला फोन लावला. तिला दे म्हटलं. ती आली, पण बोलेना.

“बोललं गं ते कासव,” मी म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग हळूच, “आणि पडलं?”