घरपट्टीला वारसांची नावं लावताना नगरपरिषदेतला माझा अनुभव

बाबा गेल्यावर घरपट्टी त्यांच्या नावावरून आई, ताई आणि मी अशा तिघांच्या नावावर करून घ्यायची होती. आमचं घर तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत. हे काम कधी ना कधी प्रत्येक घरात निघतंच आणि नेमकं तेव्हा घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून जरा डिटेलमधे लिहितोय.

सगळ्यात आधी मृत्यू दाखला. आमच्या सगळ्या नातेवाईकांना वाटत होतं की तो गावच्या नगरपरिषदेतच मिळेल, पण नोंद माणूस राहतो तिथं होत नाही, मृत्यू जिथं झाला तिथं होते. बाबांना शेवटी मोठ्या शहरात हॉस्पिटलला नेलं होतं त्यामुळे नोंद त्या शहराच्या महानगरपालिकेत आणि दाखलाही तिथूनच. हॉस्पिटलमधे मृत्यू झाला तर हॉस्पिटलनंच कळवायचं असतं, घरी झाला तर घरच्यांनी, आणि ते 21 दिवसांच्या आत. त्यापुढे 30 दिवसांपर्यंत लेट फी भरून होतं, मग वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. घरी वारलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे राहून जातं आणि दहा वर्षांनी जमिनीच्या कामात अडकतं, तेव्हा दिवसकार्याच्या गडबडीतही एका माणसानं एवढं काम अंगावर घ्यावंच.

आमचा दाखला आला पण त्यात आजोबांचं नाव, म्हणजे बाबांचं मधलं नाव, चुकीचं. हॉस्पिटलनं फॉर्म भरतानाच तसं लिहून पाठवलं होतं. दाखला बघितल्यावर आईचा चेहरा असा उतरला की काय सांगू. बाबांचं आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. मला वाटलं होतं कॉम्प्युटरवर खोडून नवीन टाइप करतील, पण तसं करता येत नाही, मूळ नोंद आहे तशीच ठेवायची आणि समासात दुरुस्ती लिहून निबंधकानं खाली सही आणि तारीख टाकायची असा 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच नियम आहे. रजिस्टरच्या त्या पानावर लाल शाईनं समासात आजोबांचं नाव बरोबर लिहिलेलं माझ्यासमोर दाखवलं मॅडमनी, तेव्हा बरं वाटलं. दाखल्याच्या प्रती तिथंच जास्तीच्या घेऊन ठेवा, बँक, एलआयसी, पेन्शन सगळीकडे मागतात.

मग आमची नगरपरिषद, कर विभाग. तिथल्या क्लार्कनं कागद चाळले आणि सरळ म्हणाले, "बहिणीचं लग्न झालंय ना, मग त्यांचं कशाला, आईचं आणि तुमचं लावून टाकू, त्यांचं हक्कसोड आणा." ते वाईट हेतूनं बोलले असं नाही म्हणणार मी, रोज असंच होत असेल म्हणून तोंडात बसलंय, पण घर बाबांनी स्वतः घेतलेलं आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांचा हिस्सा सारखा असतो, मुलीचं लग्न झालेलं असो नसो. हक्कसोड लागतं ते कुणी आपला हिस्सा सोडत असेल तर, आणि तेसुद्धा दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावं लागतं. मी म्हणलं, "साहेब, कुणी काही सोडत नाहीये, तिघांचीही नावं लावा." ते म्हणाले बरं. एवढंच झालं, वाद नाही की काही नाही. पण मी गप्प बसलो असतो तर ताईचं नाव तिथंच गळलं असतं आणि अशी किती बहिणींची नावं गळली असतील, याचा खरंच त्रास होतो मला.

कागद म्हणजे ठरलेला अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, घराचं खरेदीखत, प्रॉपर्टी कार्डचा उतारा, आणि घरपट्टीची चालू वर्षापर्यंतची पावती. थकबाकी असेल तर ती आधी भरून या, त्याशिवाय फाईल हलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लार्क म्हणाले ठेवून जा, करतो. तसं ठेवून येऊ नका. आवक-जावकला जा, अर्जाची झेरॉक्स सोबत न्या, त्यावर आवक नंबर, तारीख आणि गोल शिक्का मारून घ्या. ही पोच हातात नसेल तर तुमचा अर्ज आलाच नाही असं कुणीही म्हणू शकतं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती मोजायची कधीपासून तर अर्ज सगळ्या कागदांसकट दाखल झाला त्या तारखेपासून, तोंडी सांगितल्यापासून नाही. कुठली सेवा, किती दिवसात, फी किती, कुठला अधिकारी देणार आणि अपील कुणाकडे, हे सगळं ऑफिसात फलकावर लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडे तो फलक जिन्याजवळ आहे, समोर एक कपाट ठेवलंय त्यामुळे अर्धा झाकला जातो, पण आहे. मी त्याचा फोटो काढून ठेवला.

मुदत संपली तरी काम होईना. दर वेळी "साहेबांच्या टेबलावर आहे". मग मी पोच आणि फलकाचा फोटो जोडून पहिलं अपील लिहून दिलं. मुदत संपल्यापासून किंवा अर्ज नाकारल्यापासून 30 दिवसांच्या आत ते करता येतं, वकील लागत नाही, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. विनाकारण उशीर केला असं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपिलाची सुनावणी व्हायच्या आधीच कर निरीक्षक घरी येऊन पाहणी करून गेले, नंतर हस्तांतरणाची नोंद झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आपले सरकार पोर्टलवरूनही यातल्या बऱ्याच सेवांसाठी अर्ज करता येतो आणि त्याची पोच आपोआप मिळते, बाहेरगावी राहणाऱ्यांना ते सोयीचं.

बाकड्यावर बसून बसून कळलं की या एका बिल्डिंगीत किती प्रकारची माणसं येतात. विवाह नोंदणीला आलेलं नवं जोडपं, झाड तोडायची परवानगी मागायला आलेले काका, नळजोडणी, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, पथदिवे बंद, घंटागाडी येत नाही. बाळाच्या जन्म दाखल्यात नाव घालायला आलेली एक ताई होती, नाव न ठेवता नोंद झाली असेल तर 12 महिन्यांपर्यंत फुकट आणि पुढे 15 वर्षांपर्यंत फी भरून नाव घालता येतं, हे मला तिथंच कळलं. आणि चुकीच्या ठिकाणी आलेलेही तेवढेच. रेशनकार्ड तहसीलचं काम, वीजबिल महावितरणचं, सातबारा तलाठ्याकडे. वयस्कर माणूस तासभर रांगेत उभा राहतो आणि खिडकीवर पोचल्यावर "इथं नाही" ऐकतो, हे बघवत नाही. दारातच चौकशीला एक माणूस बसवला तर किती लोकांचा वेळ वाचेल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही. ती नोंद कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, वारसनोंद वेगळी करावी लागते आणि ती भूमी अभिलेखच्या नगर भूमापन ऑफिसात, नगरपरिषदेत नाही. पाणीपट्टीही आपोआप बदलत नाही, पाणीपुरवठा विभागाला वेगळा अर्ज द्यावा लागतो.

आमचा पाण्याचा अर्ज देऊन झालाय, पोच घेतलीय. ताई सुट्टीत आली की तिघं मिळून भूमी अभिलेखला जाणार आहोत. तिथं कुणी नुकतीच वारसनोंद केली असेल तर कागद काय काय मागितले ते सांगा, म्हणजे तिला परत रजा काढून यावं लागणार नाही.