अण्णांच्या शेडमधली धूळ

डॉक्टरांनी अण्णांना नळीत जोरात फुंकायला लावलं. तीनदा फुंकलं आणि तिन्ही वेळा मध्येच ढास लागली. "काम काय करायचात तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. "सुतारकी. चाळीस वर्षं." मग ते माझ्याकडे वळले, "आता घरात कोण करतं?"

मी करते. लातुरात आमच्या घरामागं दहा बाय सोळाचं पत्र्याचं शेड आहे. शाळेतून आले की मी तिथं पोळपाट, पाट, देव्हारे, मुलांची खेळणी करते, अण्णांच्याच हत्यारांवर. आणि अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसतात.

त्या रात्री नऊला शेडमध्ये गेले. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, सहालाच बंद केला होता. दिवा न लावता बॅटरी लावली, तर झोतात लाकडाचं पीठ तरंगत होतं, अगदी संथ, वर-खाली. तीन तास झाले तरी ते बसलं नव्हतं. रोज पाणी शिंपडून मी भुसा झाडत होते आणि शेड स्वच्छ आहे असं मानत होते. पण डोळ्यांना दिसणारा तो भुसा छातीत फारसा खोल जातच नाही. खोल जाते ती दहा मायक्रॉनच्या आतली भुकटी, माणसाच्या केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याहून बारीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. अण्णांना हे कुणी सांगितलंच नाही. तोंडाला उपरणं बांधलं की झालं, एवढंच त्यांच्या पिढीला ठाऊक.

धूळ उडताच मशीनपाशीच ओढून घ्यायची असं ठरवलं. आधी घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडून बघितला. सँडरला तो बरा चालला, पण टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीला, लावला की दहा मिनिटांत फिल्टर चोंदायचा. त्याची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी. करवतीच्या पात्याभोवती उडणारी धूळ पकडायला हवाच भरपूर लागते. मग मला वाटलं, भरपूर हवा म्हणजे कूलरचा पंखा. जुन्या कूलरचा पंखा काढून त्याला पाईप आणि पुढं कापड बांधलं. मोकळ्यावर भन्नाट वारा देणारा तो पंखा पाईप लावताच नुसता घुमत राहिला. पात्यांचा पंखा अडथळ्यापुढं हार खातो. पाईप आणि कापडातून हवा ओढायची तर गोगलगाईच्या शंखासारख्या डब्यातला ब्लोअरच लागतो.

लातुरात दाळमिलांची कमी नाही. त्यांच्या छपरांवरची पत्र्याची शंकूसारखी नळकांडी मी लहानपणापासून बघत आले, पण ती कशाला असतात हे कधी विचारलं नव्हतं. तेच सायक्लोन. वरून तिरकी शिरलेली हवा आत गोल फिरते, जड कण भिंतीला घासत खाली घसरतात आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. अण्णांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे उपणणीच की गं. वाऱ्याऐवजी गोल फिरवायलीस." मला त्याहून सोपं करून सांगता आलं नसतं.

दाळमिलांचं पत्राकाम करणाऱ्या एका कारागिरानं छोटा सायक्लोन बनवून दिला. ब्लोअर भंगारात मिळाला, एक एचपीचा, पण थ्री फेजचा. घरी सिंगल फेज, म्हणून मोटर बदलावी लागली. ती बसवली आणि सगळ्यात वाईट आठवडा सुरू झाला. हवा येत होती, पण मरतुकडी. पाईप उघडले, सांधे बघितले, सायक्लोनवरच शंका घेतली. शेवटी अण्णांनी मोटर बंद करायला लावली आणि पंखा थांबता थांबता त्यावर बोट दाखवलं. तो उलटा फिरत होता! अशा ब्लोअरची गंमत म्हणजे उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त खूप कमी. त्यामुळं हात लावून कळत नाही. स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, आणि पहिल्याच झटक्याला ढलप्या सळसळत पाईपात गेल्या. नवीन ब्लोअर बसवणाऱ्यानं आधी फिरण्याची दिशा बघावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

पाईप काकांच्या शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले, ११० मिलिमीटरचे. ६३चे ढिगानं पडले होते, पण त्यांच्या तोंडाचं क्षेत्र ११०च्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच, म्हणून मोह टाळला. नव्वद अंशांचं वळण एकदम न घेता पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो जोडले. सांध्यांना सोल्युशन लावलं नाही, स्क्रू आणि टेप लावली, म्हणजे तुंबलं तर उघडता येतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाईपाला हात लागला की चटका बसायचा, म्हणून उघडी तांब्याची तार पाईपभर गुंडाळून अर्थिंगला जोडली. प्रत्येक मशीनपाशी प्लायची सरकती फळी आहे. एका वेळी एकच उघडायची, नाहीतर ओढ वाटली जाते.

भुसा जमा व्हायला आधी तेलाचा पंधरा किलोचा डबा लावला होता. सगळ्या फळ्या बंद करून ब्लोअर चालू केला तर डबा मुठीत धरल्यासारखा आत दबला. मग आईनं तिची ज्वारीची छोटी कोठी दिली, जाड पत्र्याची, गोल. झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. हे गॅस्केट फार महत्त्वाचं आहे. झाकणातून बोटभर हवा शिरली तरी खाली बसलेला भुसा उसळून थेट फिल्टरकडे जातो.

सायक्लोनमधून सुटतं ते सगळ्यात बारीक. आमच्याकडं खोली तापवायची नसते, हवा बाहेर गेली म्हणून ऊब जायची भीती नाही, म्हणून ती हवा मी भिंतीपलीकडं सोडली. पण दिवस वाळवणाचे होते. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कुरडयांचं ताट आणून दाखवलं. पांढऱ्या कुरडयांवर सागवानी पिवळसर थर होता. त्या रागावल्या नाहीत, पण मला फार लागलं. जी भुकटी अण्णांच्या छातीतून काढायची, ती मी दुसऱ्यांच्या ताटात टाकत होते. मांजरपाटाची पिशवी शिवली, तर तिच्यातून धुकं गाळल्यासारखं पीठ बाहेर आलं. शेवटी दाळमिलवाले वापरतात ती जाड फेल्टची पिशवी आणली आणि शेडबाहेर सावलीत टांगली. फेल्टवर भुकटीचा पातळ थर बसला की तिचं गाळणं आणखी सुधारतं, म्हणून ती रोज झटकत नाही.

टेबल सॉची खालची बाजू उघडी होती, तिथं प्लायची पेटी बंद केली. पात्याच्या वरूनही धूळ उडते, त्याला वेगळं झाकण हवंच. सँडर व्हॅक्यूमवरच ठेवलाय, फक्त मध्ये एक छोटा सायक्लोन घातला, म्हणून फिल्टर चोंदत नाही. कोठी रिकामी करताना मी एन-९५ मास्क घालते, कारण तेव्हाच सगळ्यात जास्त उडतं. सागवानाचा भुसा कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. प्लाय आणि एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचा, वेगळा काढते. त्यात फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचा डिंक असतो, तो ना गुरांखाली घालायचा ना चुलीत.

परवा रात्री पुन्हा बॅटरी लावली. झोतात चार-दोन कण होते. अण्णांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि स्वतः कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली, राऊटरच्या, म्हणजे लाकडाला खाचा पाडायच्या मशीनच्या, टेबलाखाली थांबले. "इथं आहे बघ अजून," म्हणाले. तिथलं झाकण या रविवारी करायचं ठरलंय, सागवानाचा तुकडा त्यांनीच काढून ठेवलाय.